घरातला पासंग

३ फेब्रुवारी

निवृत्त झाल्यापासून डायरी लिहिली नव्हती. नोकरीत एकतीस वर्षं लिहिली, पण ती खात्याची. कोणतं दुकान, किती वजनं तपासली, किती खोटी निघाली, शिक्का मारला की जप्त केली. मी वजनमापांचा निरीक्षक होतो. आजपासून पुन्हा लिहितो. एका समितीवर जायला होकार दिला आहे आणि तिथे काय बोललो, काय बोलायचं राहिलं, हे नोंदलेलं बरं.

समिती अशी आहे. रक्त नीट न गोठण्याचा आजार काही घराण्यांत जन्मतःच येतो. अशा घरातल्या बायकांच्या मासिक अडचणी आणि बाळंतपणं यांवर पुढची काही वर्षं संशोधन नेमकं कशावर व्हावं, हे ठरवायचं. डॉक्टर, नर्स, आजार असलेल्या बायका आणि घरचे लोक, मिळून चोवीस जण. पत्रं पाठवून लोकांकडून सहाशेच्या वर प्रश्न मागवले होते. सारखे सारखे एकत्र करून त्यांचे छत्तीस झाले. त्यातले दहा निवडायचे. त्या दहांना पैसा आणि माणसं मिळण्याची शक्यता जास्त. बाकीचे कपाटात.

आमची थोरली मुलगी जाऊन चौदा महिने झाले. बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी गेली. आजाराचं नाव आम्हाला नंतर कळलं.

हिला सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "तुम्ही? बायकांच्या त्या विषयावर बोलणार? दुकानात जाऊन आतले कपडे मागायचे तर मला पुढे करता."

मी म्हटलं, "माझा एक प्रश्न आहे. तो दहांत घालायचा आहे."

संध्याकाळी माझा निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला दिसला.

११ फेब्रुवारी

धाकटी आणि तिचा नवरा आले होते. तिला दिवस गेले आहेत. तिसरा महिना लागला.

हिनं तिला जवळ घेतलं, पण हिचा चेहरा मला दिसत होता. धाकटीलाही दिसला असावा. ती म्हणाली, "आई, आधीच सांगते, रडायचं नाही. तुझं रक्त तपासलं होतं ना? चांगलं निघालं ना? मग संपलं."

ते खरं आहे. थोरली गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की असले आजार आईकडून येतात. हिची तपासणी केली, ती स्वच्छ आली. थोरलीचं ते तिचं तिचंच, असं त्यांनी सांगितलं.

"आणि माझं कधी ताईसारखं होतं का?" धाकटी म्हणाली. "ताईच्या पासंगालाही पुरणार नाही माझं."

मला हसू आलं. रिकाम्या तराजूची दोन पारडी सारखी राहत नसली की हलक्या बाजूला खडा बांधतात, तो पासंग. लहानपणी माझ्या पेटीतली पितळी वजनं घेऊन खेळायची, तेव्हाचे शब्द तिच्या तोंडी राहिले आहेत. मी म्हटलं, "शोभतेस माझी मुलगी."

काळजीचं कारण नाही. तरी लिहून ठेवतो.

२३ फेब्रुवारी

पहिली बैठक. उशीर झाला. सकाळी दाढी करताना कापलं आणि ते थांबेना, निळ्या शर्टाची कॉलर खराब झाली. दाढीला आमच्या घरात वेळ लागतोच. वडील तर तुरटीचा खडा घेऊनच बसायचे. पांढरा शर्ट घालून गेलो.

एका इस्पितळाचा वरचा मजला. लांब टेबल, खिडकीपाशी चहाचा थर्मास, प्रत्येकाच्या जागेवर छत्तीस जाड कार्डं, एकावर एक प्रश्न. चर्चा चालवायला एक बाई होत्या, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी सांगितलं की इथे डॉक्टरचं मत आणि घरच्यांचं मत यांचं वजन सारखं. मला हे वाक्य आवडलं. होतं की नाही ते बघू.

माझ्या शेजारी एक बाई बसली होती, चाळिशीची, ठेंगणी, आवाज खणखणीत. बस चालवते. तिला हाच आजार आहे. सगळे तिला बसवाली म्हणतात आणि ती स्वतःलाही तेच म्हणते. तिनं मला विचारलं, "काका, तुम्ही चुकून इथे आलात का? हाडांचा विभाग खाली आहे."

मी म्हटलं, "नाही. मी घरच्यांपैकी आहे."

"कोणाचे?"

मी सांगितलं. मग तिनं माझ्यासाठी चहा ओतून आणला.

प्रत्येकानं आपलं म्हणणं थोडक्यात सांगायचं होतं. फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं आणि चर्चावाल्या बाई म्हणाल्या, "काका, आता तुमची पाळी."

बसवाली फस्सकन हसली आणि सगळं टेबल हसलं. रक्ताचे डॉक्टरसुद्धा, जे तोवर पुठ्ठ्यासारखे ताठ बसले होते. चर्चावाल्या बाई लाल झाल्या. बसवाली म्हणाली, "आली बरं का काकांची. एकदाची आली." माझे कान गरम झाले, पण नंतर बोलणं सोपं गेलं. एवढं हसं झाल्यावर आणखी काय व्हायचं राहतं?

मी सांगितलं ते असं. बाळंतपण नीट झालं. नवव्या दिवशी मी थोरलीला फोन केला. कशी आहेस, विचारलं. ती म्हणाली, "नेहमीसारखंच आहे, बाबा, जरा थकलेय." इस्पितळातून नर्सचा फोन आला, तिलाही तिनं तेच सांगितलं. नर्सनं लिहून घेतलं: नेहमीसारखं. ती खोटं बोलली नव्हती. तिचं नेहमीचं तसंच होतं. म्हणून माझा प्रश्न कार्ड क्रमांक एकोणतीस: ज्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं, तिथे जास्त म्हणजे किती, हे त्या घराला कसं कळावं?

रक्ताचे डॉक्टर म्हणाले, "महत्त्वाचं आहे. पण हे कार्ड सहामध्ये येतं. निदानाच्या तपासण्या. वेगळं कशाला?"

कार्ड एकोणतीस मधल्या ढिगात गेलं. जाता जाता बसवाली म्हणाली, "काका, तुम्ही सारखं 'ते', 'तसलं', 'अडचण' म्हणत होतात. पाळी म्हणा की. आता तर तुमची स्वतःची येऊन गेली."

३ मार्च

दाढ काढली. दोन दिवस कापूस चावून बसलो, उशी खराब झाली. दातांचे डॉक्टर म्हणाले, वयानं होतं असं. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही. थोरलीची मुलगी, आमची नात, आली होती. जावई आणतो दर रविवारी. ती आता चालायला लागली.

९ मार्च

थोरली तेरा वर्षांची असतानाचं आठवतं ते लिहितो. त्या वर्षी ती महिन्यातून आठवडाभर शाळेला जात नसे. ही म्हणाली, हे बरोबर नाही, डॉक्टरकडे नेऊ. तेव्हा माझी मोठी बहीण, अक्का, आमच्याकडे होती. ती हसली. म्हणाली, "अगं, आमच्या घरात सगळ्यांचं असंच. आईचं असंच, माझं असंच. लग्न झालं की बसतं. तुझ्या माहेरी थेंब थेंब होत असेल, आमच्याकडे घडाघडा."

ही माझ्याकडे बघत होती. मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर समोर होता. मी म्हटलं, "अक्का म्हणते तर असेल."

एवढंच म्हटलं होतं. त्यानंतर डॉक्टरचा विषय निघाला नाही.

अक्काचा मला राग आहे. मी तो कधी बोललो नाही. आता वाटतं बोलावं.

१६ मार्च

दुसरी बैठक. आज जे झालं ते क्रमानं लिहितो.

साडेदहाला कार्डं वाटली. ती नवी छापलेली, कडा धारदार. माझ्या अंगठ्याला कापलं, कागदानं कापतं तसं. रुमाल गुंडाळला. काम चालू राहिलं. छत्तिसाचे वीस झाले. माझं कार्ड सतराव्या जागी तग धरून होतं.

जेवणाच्या सुट्टीत बसवाली समोर बसली आणि माझ्या रुमालाकडे बघून म्हणाली, "हे कधीचं?"

"सकाळचं. कार्डानं कापलं."

"साडेदहाचं?" तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "काका, सव्वा वाजलाय."

"थांबेल. आमच्याकडे वेळ लागतो."

तिनं चमचा खाली ठेवला. "आमच्याकडे म्हणजे?"

मी दाढीचं सांगितलं. वडिलांच्या तुरटीचं सांगितलं. तिनं विचारलं म्हणून दाढेचंही सांगितलं. ती उठली, पलीकडच्या टेबलावर गेली आणि रक्ताच्या डॉक्टरांना हाताला धरून घेऊन आली. त्यांचा घास तोंडातच होता.

त्यांनी रुमाल सोडून बघितला. मग विचारलं, "तुमची तपासणी कधी झाली होती?"

"माझी कशाला? हिची झाली. आईकडून येतो ना?"

"कोण म्हणालं?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. म्हणाले, "तो दुसरा आजार. तुमच्या मुलीचा आजार व्हॉन विलेब्रँड नावाचा होता. तो आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. पुरुषांनाही असतो, फक्त त्यांना दर महिन्याला परीक्षा द्यावी लागत नाही, म्हणून कळत नाही."

बसवाली म्हणाली, "डॉक्टर, हळू."

"हळूच सांगतोय."

मी म्हटलं, "मला धाकटी मुलगी आहे. तिला चौथा महिना आहे."

खालच्या मजल्यावर जाऊन मी तपासणीसाठी रक्त देऊन आलो. बसवाली बरोबर आली. तिथल्या मुलाला म्हणाली, "बारीक सुई घाल रे आणि नंतर दहा मिनिटं दाबून धर. घड्याळ लावून." दुपारच्या कामाला मी परत वर गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. काम अर्धवट सोडायची सवय नाही.

३० मार्च

दोनदा तपासलं. रक्त गोठवणारा घटक हवा त्याच्या साधारण एक तृतीयांश आहे. माझ्याकडून आलं.

हिला स्वयंपाकघरात सांगितलं. ही ओटा पुसत होती. पुसत राहिली. मग म्हणाली, "मी तेव्हाच म्हणत होते."

मी म्हटलं, "हो."

"तेरा वर्षांची होती तेव्हा म्हणत होते."

"हो. मला आठवतं."

"तुम्हाला आठवतं?" ती वळली. "मला वाटलं तुम्ही पेपर वाचत होतात."

सोळा महिन्यांत हिनं मला एकदाही बोल लावला नव्हता. आज लावला आणि मला तो लागला. हिनं फडकं पिळून वाळत घातलं आणि म्हणाली, "धाकटीचं काय करायचं ते सांगा. बाकीचं मागून बघू."

डॉक्टरांनी मला एक कागद दिला होता. धाकटीची तपासणी करू, म्हणाले, पण पोटात बाळ असताना या घटकाचा आकडा आपोआप वर चढतो आणि बाळंतपणानंतर काही दिवसांनी खाली कोसळतो. म्हणून आत्ताचा आकडा चांगला आला तरी त्यावर विसंबता येत नाही. आधी पाळी कशी होती ते तिला विचारा, आणि नीट विचारा. कागदावर नऊ प्रश्न आहेत.

३१ मार्च

सकाळी अक्काकडे गेलो. भांडायच्या तयारीनं गेलो होतो, खरं लिहितो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मलाही आहे का रे ते?"

"असणार."

"माझी पिशवी काढली चौतिसाव्या वर्षी. तीन बाटल्या रक्त चढवलं. डॉक्टर म्हणाला, एवढं कसं अंगावर काढलंत? मला वाटलं शाबासकी देतोय." तिनं हात मांडीवर ठेवले. "आईनं मला सांगितलं, मी पोरीला सांगितलं. मी काय वाईट चिंतून सांगितलं का?"

मी नाही म्हटलं. माझा राग तिथे ठेवायला जागाच सापडली नाही. तिला डॉक्टरांची वेळ घेऊन दिली.

दुपारी धाकटीला फोन. हिनं लावला, चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "प्रश्न तुम्ही विचारा. मी विचारले तर ती मला गुंडाळेल."

मी कागद पुढे ठेवला. "पहिला प्रश्न. पाळी किती दिवस चालायची?"

"बाबा?"

"हो."

"तुम्ही खरंच हे विचारताय?"

"हो. नऊ आहेत."

"आईकडे द्या ना फोन."

"आई शेजारी बसली आहे. तिनंच मला दिला."

ती म्हणाली, "साधारण असते तेवढी. ताईपेक्षा तर..."

"ताईचं विचारलं नाही. दिवस सांग."

"...आठ."

"दुसरा. पहिल्या दोन दिवसांत पॅड किती वेळानं बदलावा लागायचा?"

"दीड तास. शाळेत शिकवताना तासामागून तास असतात, मधे बाहेर पडता येत नाही, म्हणून एकावर एक दोन लावायचे. सगळ्याच लावत असतील."

"सगळ्या लावतात का, विचारलंस कोणाला?"

"नाही."

"गाठी पडायच्या?"

"बाबा!"

"प्रश्न तिसरा आहे."

ती हसायला लागली. मग हसणं वेगळं झालं आणि हिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी थांबलो. थोड्या वेळानं धाकटी नाक ओढून म्हणाली, "लिहा. हो. दोन बोटं धरली तर तेवढ्या."

नऊही उत्तरं लिहून घेतली. एकाचंही उत्तर चांगलं नाही. तिनं आपलं माप थोरलीच्या मापाशी लावलं होतं, आणि मी, या धंद्यातला माणूस, ऐकून हसलो होतो.

२० एप्रिल

शेवटची बैठक. दहा ठरले.

धाकटीची तपासणी झाली होती. आकडा चांगला आला. तरीही डॉक्टरांनी तिची नोंद आजार असल्याचीच केली, त्या नऊ उत्तरांवरून. बाळंतपण मोठ्या इस्पितळात, औषधं आधीपासून ठरवून. हे सगळं माहीत असूनही आज तेच डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले की एकोणतीस वेगळं ठेवलं तर एक जागा वाया जाते. ते सहामध्ये घाला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना सहा पहिलं आणायचं होतं.

कार्ड तेव्हा बाराव्या जागी होतं. चर्चावाल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. या वेळी शब्द जपून वापरला: "काका, तुम्ही बोलता?"

मी उभा राहिलो. जे बोललो ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो.

"आम्ही दुकानात गेलो की दुकानदाराचं एक वजन त्याच्याच दुसऱ्या वजनाशी लावून बघत नाही. दोन्ही सारखीच खोटी असली तर पारडी सरळ राहतात. आम्ही आमचं सीलबंद वजन पेटीतून घेऊन जातो. आमच्या घरात माझ्या आईचं अक्काशी जुळलं. अक्काचं माझ्या थोरलीशी जुळलं. धाकटीनं आपलं थोरलीशी लावलं, ते कमी भरलं, म्हणून ती निर्धास्त होती. पारडी सरळ होती. तपासणी कोणाला संशय आला तर होते, डॉक्टर. आमच्या घरात संशय एकीलाच आला. माझ्या बायकोला. ती बाहेरून आली होती आणि तिचं माप खरं होतं. ते आम्ही मानलं नाही."

इथे मी पाणी प्यायलो.

"धाकटीचा आकडा तुम्ही काढलात. तो चांगला आला. मग तुम्ही तिला आजार आहे असं कशावर ठरवलंत?"

डॉक्टर म्हणाले, "तिच्या इतिहासावर."

"तो तिला विचारायला नऊ प्रश्नांचा कागद तुम्ही मला दिलात. मला तो मिळाला, कारण मी इथे येऊन बसलो होतो. बाकीच्यांना कुठे मिळणार? तेरा वर्षांच्या मुलीला कुठे मिळणार? आणि ती दुसऱ्या कोणाशी नाही, आपल्या आईशी, आत्याशी लावून उत्तर देते, तेव्हा ते खरं कसं करून घ्यायचं? हे सहामध्ये नाही. मी कार्ड सहा चार वेळा वाचलं आहे. आणि आणखी एक. माझ्या कार्डावर फक्त बायका लिहिलं आहे. तिथे वडिलांनाही विचारा, असं घाला."

कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. बसवाली म्हणाली, "डॉक्टर, एकतीस वर्षं लोकांची वजनं जप्त केलीत काकांनी. तुमचं कार्ड जप्त व्हायच्या आत हो म्हणा."

डॉक्टर टेबलाला वळसा घालून आले, बाराव्या जागचं कार्ड उचललं आणि आठव्या जागी ठेवलं. "वडिलांचं घालून," ते म्हणाले. मग हात वर करून मतं घेतली. वीस.

एक आत आलं की एक बाहेर जातं. बाहेर गेलेलं कार्ड बसवालीचं होतं. पाळी जायच्या वयात, दोन-दोन महिन्यांनी येऊन धो धो वाहते तेव्हा काय करावं, हा तिचा प्रश्न. तो अकरावा आला. ती दोन वेळा स्टिअरिंगवर चक्कर येऊन पडता पडता वाचली आहे. तिनं माझ्यासाठी हात वर केला होता, मी पाहिलं.

मी तिला म्हटलं, "मला वाईट वाटतं."

"वाटू द्या," ती म्हणाली. "पुढच्या वेळी तुम्ही माझ्यासाठी बोलायचं. सराव झालाय आता."

मी कबूल केलं. करीनच.

घरी हिनं दार उघडताच विचारलं, "आलं का?"

"आठवं."

"काय बोललात?"

मी सगळं सांगितलं, तिच्याबद्दल बोललो तेही. ही आत गेली. मोरीतला नळ बराच वेळ वाहत होता. मग जेवायला बसलो. जेवताना म्हणाली, "वीस हात म्हणजे चौघांनी वर केले नाहीत. ते कोण?"

१७ मे

यादी छापून आली. आठवा प्रश्न दोन ओळींचा आहे. भाषा त्यांनी जरा जड केली आहे, पण 'आई किंवा वडील' आहे. अक्काला वाचून दाखवला. तिनं चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचला आणि विचारलं की बाकीचे नऊ कोणते.

३ सप्टेंबर

धाकटीला मुलगा झाला. पहाटे नव्हे, चांगलं उजाडल्यावर, साडेआठला. दोघं ठीक.

१२ सप्टेंबर

आज दहावा दिवस. सकाळी सातला धाकटीचा फोन आला. मी कशी आहेस विचारायच्या आत म्हणाली, "बाबा, एका तासात दोन पॅड पूर्ण भिजले. एक गाठ, लिंबाएवढी. निघालोय आम्ही. तुम्ही थेट तिकडेच या."

आवाजात घबराट नव्हती. हिनं गाडीची किल्ली माझ्याकडून घेतली आणि स्वतः चालवली.

आम्ही पोचलो तेव्हा तिला आत घेतलं होतं. तिची फाइल आधीच उघडून ठेवलेली होती, औषध शीतकपाटातून काढलेलं होतं. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. आठ वाजता औषध चालू झालं. रक्ताचे डॉक्टर साडेआठला आले, कागद बघितला, तिला म्हणाले, "वेळेत आलात." मग मला म्हणाले, "हिनं फोनवर आम्हाला किती भिजले त्याचा आकडा सांगितला. लोक सांगत नाहीत आकडा."

दहाच्या सुमारास धाकटीला झोप आली. ती स्वतः वहीत लिहीत होती, ती वही तिनं माझ्याकडे सरकवली. म्हणाली, "आता नोंद तुम्ही ठेवा." बाळ हिच्या मांडीवर होतं.

नर्सबाई बदलायला आल्या तेव्हा मी बाहेर गेलो. त्या बाहेर आल्या तेव्हा विचारलं, किती भिजला होता? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही कोण?"

"वडील. लिहून घ्यायचं आहे."

त्यांनी सांगितलं. नंतर दर वेळी न विचारता सांगत गेल्या.

आठ ते नऊ: दोन, पूर्ण.
नऊ ते दहा: एक, पूर्ण. गाठ एक, लहान.
दहा ते बारा: एक, पूर्ण.
बारा ते दोन: एक, अर्धा. गाठ नाही.
दोन ते पाच: एक, पाव.
पाच ते सात: बदलावा लागला नाही. जागी आहे. भूक लागली म्हणते.